मावेजा, पट्टी आणि पगार: पैसे एकदाच गुंतवावेत की हप्त्याहप्त्यानं?

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानात मी हिशेब लिहिते. दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) होतात, संक्रांतीनंतर तुरीच्या, आणि पैसे मोजून घेता घेता कुणीतरी विचारतंच, "ताई, एसआयपी करावी का सगळे एकदाच टाकावेत?" एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेल्या तारखेला हप्त्यानं पैसे भरणं. जालना-नांदेड द्रुतगती मार्गात वावरं जायला लागल्यापासून तर मावेजावाले (गेलेल्या जमिनीची भरपाई मिळालेले) हाच प्रश्न घेऊन येतात. मी फंड विकत नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. घरातल्या सगळ्यांची गुंतवणूक मात्र मीच बघते. लोक हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी बघायचं ते हे, की पैसा तुमच्या हातात येतो कसा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार महिन्याला येतो. त्याच्यापुढे निवड अशी नाहीच. पगारातले ५,००० रुपये दर महिन्याला गुंतवले की आले तसे टाकले, झालं. वर्षभर साठवून ६०,००० एकदम टाकीन म्हणणाऱ्याचे पैसे लग्नसराईत आणि दवाखान्यात जातात, हे मी डोळ्यांनी बघते. पगारदारानं एसआयपी करावी, आणि पुढचा अर्धा लेख सोडून दिला तरी चालेल.

खरा प्रश्न पडतो तो रक्कम आधीच हातात असलेल्याला. मावेजा, ग्रॅच्युइटी, विकलेला प्लॉट, किंवा आमच्याकडे येतात तशी वर्षाची पट्टी.

एक गैरसमज मोंढ्यात फार आहे. "एसआयपीला व्याज किती बसतं?" असं विचारतात. एसआयपी ही योजना नाही, ठेव नाही, तिला व्याज नसतं. म्युच्युअल फंडात ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम भरायची ती एक पद्धत आहे, इतकंच. त्याच फंडात तुम्ही एकरकमीही भरू शकता. नफा-तोटा फंडाचा असतो. पद्धतीमुळे बदलतो तो फक्त तुम्हाला मिळालेला भाव.

कागद घ्या आणि हा हिशेब स्वतः करा, मी प्रत्येकाला करायला लावते. २५,००० रुपये आहेत. फंडाच्या एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, पाच महिन्यांत ५०, ४०, २५, ४०, ५० असा राहिला. दर महिन्याला ५,००० टाकणाऱ्याला १००, १२५, २००, १२५ आणि १०० युनिट मिळाले, एकूण ६५०. शेवटी भाव ५०, म्हणजे हातात ३२,५००. पहिल्याच दिवशी सगळे टाकणाऱ्याला ५०० युनिट मिळाले आणि त्याचे २५,००० चे २५,०००च राहिले. पडलेल्या महिन्यात सर्वांत जास्त युनिट आले ते बघा. नेमक्या त्याच महिन्यात घाबरून हप्ता बंद करणारे लोक मी दरवेळी बघते आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्या एका हप्त्यासाठीच बाकीचे हप्ते भरलेले असतात.

एसआयपीची जाहिरात इथंच थांबते. आपण पुढं जाऊ.

भाव ५०, ५५, ६०, ६५, ७० असा चढतच गेला तर? हप्त्यानं भरणाऱ्याला साधारण ४२२ युनिट आणि ७० च्या भावानं २९,६०० च्या आत-बाहेर. एकदम टाकणाऱ्याला ५०० युनिट, म्हणजे ३५,०००. आता तिसरा प्रकार, जो कुणी दाखवत नाही: भाव ५०, ७५, १००, १०० आणि शेवटी ६०. हप्तेवाल्याला १००, ६६.६७, ५०, ५० आणि ८३.३३ मिळून ३५० युनिट, किंमत २१,०००. चार हजारांचा तोटा! एकरकमीवाल्याचे ३०,००० झाले. बाजार सुरुवातीला पडला तर हप्ता तुम्हाला वाचवतो. शेवटी पडला तर वाचवत नाही. "एसआयपीत तोटा होतच नाही" असं सांगणाऱ्या माणसाला हा तिसरा हिशेब दाखवा आणि काय म्हणतो ते ऐका.

मग जास्त वेळा काय घडतं? व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या आकड्यांवर हे तपासलं होतं. एकदम टाकलेली रक्कम वर्षभरात वाटून टाकलेल्या रकमेच्या साधारण तीनांपैकी दोन वेळा पुढं राहिली. कारण सरळ आहे. बाजार दीर्घकाळात चढता असेल तर बाहेर थांबलेला पैसा त्या चढाला मुकतो. तो आकडा आपल्या बाजाराचा नाही, पण कारण इथंही तेच लागू होतं.

तरीही तीनांतली ती एक वेळ कुणाच्या वाट्याला येईल हे आधी कळत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१,००० च्या वर गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,००० च्या घरात होता. ज्यानं त्या जानेवारीत एकदम टाकले त्याला तोच आकडा परत बघायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडावी लागली, आणि त्यानंतरही तो तिथं टिकला नाही. बँकेत नोकरी असलेला माणूस हे सोसतो. वावर देऊन आलेला पैसा ज्याचा आहे त्याला सोसवत नाही, तो नऊ हजारांच्या आसपास काढून घेतो आणि आयुष्यभर बाजाराचं नाव काढत नाही. हप्त्याहप्त्यानं टाकण्याचा मोठा फायदा मी हाच मानते: माणूस टिकतो. सरासरी भावाचा फायदा त्याच्या नंतर.

"मग बाजार पडल्यावरच टाकू की," असं म्हणणारे खूप. २०२० चं उदाहरण घ्या. जानेवारीत निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक, १२,००० च्या वर होता. २३ मार्चला ७,६०० च्या जवळ बंद झाला. देशभर टाळेबंदीची घोषणा झाली २४ मार्चच्या रात्री. म्हणजे सगळं बंद व्हायच्या आदल्या दिवशीच तळ होऊन गेला होता. रस्ते ओस पडले, मजूर पायी निघाले, मोंढे बंद पडले आणि बाजार मात्र वर चालला होता. नोव्हेंबरपर्यंत तो जुन्या उंचीच्या पुढं गेला. बातम्या बघून तळ पकडायचा म्हटलं तर त्या महिन्यांत कुणाची छाती झाली असती?

शेतकऱ्याला हे नवं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आणि नवा माल मोंढ्यात आला तेव्हा भाव निम्म्यावर होता. जाणता शेतकरी सगळा माल एका दिवशी आणत नाही. थोडा दसऱ्याला, थोडा दिवाळीनंतर, थोडा घरात ठेवतो. सर्वांत चांगला भाव त्याला सगळ्या मालाला कधीच मिळत नाही, पण सगळा माल सर्वांत वाईट भावातही जात नाही. रक्कम वाटून गुंतवायची ती याच हिशेबानं.

आता रक्कम हातात असेल तर करायचं कसं ते सांगते. माझ्या एका चुलत्यांना, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मावेजा मिळाला. समजायला सोपं जावं म्हणून ४० लाख धरू.

तात्या म्हणाले, "पोरी, बँकवाला म्हंतो सगळेच्या सगळे टाका. पोरगं म्हंतं बारा हप्ते करा. तू काय म्हंतीस?"

मी म्हटलं, "तात्या, यातले किती पैसे कधी लागणार ते आधी सांगा."

त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहीत गेले. सावकाराचं आणि सोनेतारणाचं मिळून ४ लाख. ते त्याच आठवड्यात फेडायचे. सावकाराचं व्याज शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ते देणं ठेवून फंडात पैसे टाकणं हा शुद्ध तोटा आहे, एसआयपी असो की एकरकमी. घरखर्च आणि दवाखान्यासाठी ४ लाख बचत खातं आणि छोट्या मुदतीच्या ठेवीत. धाकटीचं लग्न दोन वर्षांत, ६ लाख, तेही ठेवीतच. पाच वर्षांच्या आत लागणारा एकही रुपया शेअरच्या फंडात नव्यानं टाकायचा नाही, हा माझ्यापुरता न मोडायचा नियम आहे. वावराच्या बदल्यात वावर घ्यायचं होतं, त्यासाठी १५ लाख. यावर शहरी लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही. ज्याला शेतीच येते त्यानं शेत घेतलं तर काय चुकलं? फक्त सौदा होईपर्यंत ते पैसे कुणाला हातउसने द्यायचे नाहीत.

उरले ११ लाख. तात्या साठीच्या पुढं आहेत, म्हणून ५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात पडतं. राहिले ६ लाख, आणि ते नातवंडांच्या नावानं दहा-बारा वर्षं हात न लावता ठेवायचे. एकदाच की हप्त्यानं, हा सगळा प्रश्न ४० लाखांतल्या या ६ लाखांपुरताच होता! बहुतेक घरांत तो असाच लहान निघतो.

त्या ६ लाखांसाठी आम्ही एसटीपी केली. ती अशी: पूर्ण रक्कम आधी लिक्विड फंडात टाकायची. हा फंड अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवतो, चढउतार नगण्य. मग त्याच कंपनीच्या निर्देशांक फंडात (सेन्सेक्स किंवा निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या शेअरमध्येच पैसे टाकणारा फंड) दर महिन्याला ५०,००० आपोआप जातील असा अर्ज एकदाच भरायचा. बारा महिन्यांत रक्कम पोचते आणि तोवर पडून असलेले पैसेही थोडं कमावतात. एसटीपी एकाच फंड कंपनीच्या योजनांमध्ये होते, म्हणून शेवटी पैसे ठेवायचा फंड आधी निवडा आणि लिक्विड त्याच कंपनीचा घ्या. किती महिने? मी सहा ते बारा म्हणते. तीन वर्षांत वाटून टाकणारे भेटतात. त्यांचा अर्धा पैसा दीड वर्ष झालं तरी बाहेरच बसलेला असतो. आणि एकदा महिने ठरले की मध्ये बाजार पडो की चढो, वेळापत्रक मोडायचं नाही. ज्याला बाजाराची जुनी सवय आहे, जो ४० टक्के घसरण बघूनही झोपू शकतो, त्यानं एकदम टाकले तर मी अडवणार नाही, हिशेब त्याच्या बाजूचा आहे.

मावेजा जमा झाला की फोन सुरू होतात. त्यात 'गुंतवणूक' म्हणून विमा गळ्यात घालणारे जास्त. दरवर्षी हप्ता भरायचा असतो हे सही झाल्यावर कळतं. कागदावर 'प्रीमियम' हा शब्द दिसला तर उठून या. मराठवाड्यात मल्टिस्टेट सोसायट्यांमध्ये (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थांमध्ये) लोकांच्या ठेवी अडकल्या, त्या जास्त व्याजाच्या ओढीनं ठेवलेल्या होत्या. बँकेतल्या ठेवीला माणशी, एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला ते नाही. मोठी रक्कम थोडे दिवस जरी ठेवायची असली तरी हे बघूनच ठेवा.

पट्टीवाल्यांचं गणित वेगळं. ज्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो त्यानं मासिक एसआयपी लावली की जून-जुलैत, बियाणं-खताच्या दिवसांत, खात्यात पैसे नसतात. हप्ता परत जातो, बँक दंड कापते. मासिक हप्ते सलग तीन चुकले तर एसआयपीच रद्द होते. म्हणून पट्टी झाली की पुढच्या पेरणीचा आणि वर्षाचा खर्च बाजूला काढायचा, उरलेली रक्कम लिक्विडमध्ये टाकायची आणि तिथून महिन्याला एसटीपी लावायची. दुष्काळाच्या साली काही उरलं नाही तर काही टाकायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही.

पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह बचत खात्यात, मात्र वाटून भरायचं काही कारण नाही, कारण तिथं भाव पडत-चढत नाही. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मोजतात. त्यामुळे वर्षाचे दीड लाख १ ते ५ एप्रिलच्या आत भरले तर ७.१ टक्क्यांनी पहिल्या वर्षी १०,६५० रुपये व्याज. तेच महिन्याला १२,५०० असे पाच तारखेच्या आत भरले तर सुमारे ५,७७०. तुरीचे पैसे फेब्रुवारीत आले तर एप्रिलपर्यंत जपून ठेवा. सुकन्या समृद्धीलाही पाच तारखेचा हाच नियम.

आता तो तिसरा हिशेब परत काढा, शेवटी भाव पडला तो. दहा वर्षं एसआयपी केली की साठलेली रक्कम मोठी आणि नवा हप्ता तिच्यापुढं चिमूटभर. तेव्हा हप्ता काहीही सांभाळत नाही. तुम्ही एकरकमीवालेच झालेले असता. आमच्या भागात लेकरू दहावी झालं की लातूरला अकरावी-बारावीला पाठवतात. क्लासची फी, खोली, मेस हे सगळं ठरलेल्या वर्षी येतं, बाजाराची सोय बघून येत नाही. लेकरू आठवीत गेलं की त्यासाठीचे पैसे शेअरच्या फंडातून थोडे थोडे काढून ठेवीत किंवा लिक्विडमध्ये आणायला लागा. भरताना वाटून भरलं तसंच काढताना वाटून काढायचं. हे सांगणारा एजंट मला अजून भेटला नाही.

काढताना कराचं एक लक्षात ठेवा: एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळी खरेदी धरतात. तेरा महिन्यांनी सगळं विकलं तर फक्त पहिल्या एक-दोन हप्त्यांना वर्ष झालेलं असतं. २३ जुलै २०२४ पासून शेअरच्या फंडावर वर्षाच्या आतल्या नफ्याला २० टक्के, वर्षानंतरच्या नफ्याला सालात सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के कर आहे. एसटीपीत लिक्विडमधून निघणारा प्रत्येक हप्ता ही विक्रीच असते, तिथला नफा थोडा असतो पण विवरणात दाखवावा लागतो. मावेजाच्या कराबद्दल मात्र सीएलाच विचारा, आणि निवाड्याची प्रत सोबत न्या.

सुरुवात करायला पॅन, मोबाईलला जोडलेलं आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि केवायसी पुरतं. फंडाचा डायरेक्ट प्लॅन घेतला तर मधल्या माणसाचं कमिशन वाचतं. ज्याला मोबाईलवर हे जमत नाही त्यानं रेग्युलर घ्यावा, त्यात कमीपणा नाही, पण वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून घ्यावा. पैसे फंडाच्या खात्यातच जातात, माणसाच्या खात्यात कधीही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'माझ्या नंबरवर पाठवा' म्हणालं तर तिथंच थांबा.

एसआयपीची तारीख १ ठेवा की २५, परताव्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. पगार उशिरा होत असेल तर १५ ठेवा म्हणजे हप्ता परत जायचा नाही. नॉमिनी अर्जातच भरा. वडिलोपार्जित वावराच्या मावेजात बहिणींचाही हिस्सा असतो, तो आधी देऊन मग गुंतवणुकीचं बोला. आणि फोलिओ क्रमांक (फंडातल्या तुमच्या खात्याचा नंबर), फंडाचं नाव, बँक खातं हे बायकोच्या हस्ताक्षरात एका वहीत लिहून घ्या, कारण मोबाईल बदलतो, नंबर बंद पडतो, आणि दुकानात माझ्याकडे कागद शोधत येतात त्या बहुधा बायकाच असतात.